चुन्याखालचा देवदूत

रिटायर झाल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा होता. एकतीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये लोकांचे दात पाहिल्यावर, सकाळी उठून आता कुणाच्याच तोंडात डोकवायचं नाही, हे काही केल्या अंगवळणी पडत नव्हतं. नवरा अजून हॉस्पिटलमध्ये नोकरीला होता. मुलगी लंडनच्या हाउन्सलोला राहून एअरपोर्टवर शिफ्ट करत होती. दिवसभर घरात मी आणि बॉयलरची घरघर, एवढंच.

अशात एका जुन्या पेशंटचा फोन आला. शहरापासून बसने तासाभरावर एक खेडं आहे, तिथल्या त्या बाई. वय ऐंशीच्या पुढे. शेतकऱ्याची बायको, नवरा गेल्यापासून गावातल्या चर्चची वॉर्डन म्हणून काम पाहायच्या. म्हणजे किल्ल्या त्यांच्याकडे, आणि छप्पर गळलं की बादली ठेवायचं कामही त्यांच्याकडेच. त्यांच्या वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या मीच बसवल्या होत्या.

"डॉक्टर, हात अजून चालतात ना तुमचे?" त्यांनी विचारलं.

"चालतात की. का हो?"

"आमच्या भिंतीवर कीटण चढलंय. या एकदा बघायला."

मला वाटलं, बाईंना करमत नसेल, गप्पांना कुणी हवं असेल. मी गुरुवारची बस धरली.

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी चर्चच्या छपरातून पाणी झिरपलं आणि आतल्या भिंतीवरचा चुना फुगला. एका रविवारी प्रार्थना चालू असतानाच ताटाएवढा पोपडा खाली पडला, आणि त्यामागे लाल रंग दिसला. विटेचा लाल नव्हे, कुणीतरी लावलेला लाल. मग चर्चने परवानग्या काढल्या आणि जुनी भित्तिचित्रं सोडवणारी एक कॉन्झर्व्हेटर ब्रिस्टलहून बोलावली. तिला हाताशी माणसं हवी होती, पण तिच्या हत्यारांना घाबरणार नाहीत अशी. तिने वॉर्डनबाईंना आपली पेटी उघडून दाखवली तेव्हा बाई म्हणाल्या, "ही हत्यारं तर मी तोंडात घेतलेली आहेत." आणि त्यांना मी आठवले.

चर्चच्या दाराशी पोचले आणि पाय अडला. बाहेरच्या बाजूला जाळीचं दार होतं आणि त्यावर हाताने लिहिलेली पाटी: दार लावून घ्या, पाकोळ्या आत येतात. दार नुसतं लोटलेलं. राखणीला कुणी नाही, कुणी काही विचारणार नाही. पण मी ज्या घरात वाढले तिथे कुठल्याच देवळात जायची रीत नव्हती. माझे आईवडील बौद्ध झाले ते माझ्या जन्माच्या आधी. लहानपणी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर एकदा मी देवळाच्या पायऱ्या चढले होते, ते वडिलांना कळलं. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "आधी आपल्याला येऊ देत नव्हते. आता आपण जात नाही. या दोन वाक्यांत फरक आहे, तो लक्षात ठेव." इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढली, पण चर्चमध्ये गेले ती फक्त ओळखीच्यांच्या लग्नांना आणि अंत्यविधींना. कामासाठी आत पाऊल टाकलं ते त्या गुरुवारी.

आत थंडी अशी की बाहेरची बरी. डोळे अंधाराला सरावले तशी समोर एक उंच कमान दिसली. कमानीच्या अलीकडे लोकांची बाकं, पलीकडे वेदी. कमानीच्या वरच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र रंगवलेलं होतं: मधे ढाल, एका बाजूला सोनेरी सिंह, दुसऱ्या बाजूला लाल ड्रॅगन. त्याच्या खाली आणि दोन्ही अंगांना काळ्या, टोकदार अक्षरांतला मजकूर. डाव्या हाताला परांची बांधलेली होती. तिच्यावरून तिशीतली एक मुलगी उतरली. केस रुमालात बांधलेले, गुडघ्यांना पॅड, भुवयांवर चुन्याची भुकटी.

"वर काय दिसतंय?" तिने नमस्कार-चमत्काराच्या आधीच विचारलं.

"सिंह. आणि ड्रॅगन."

"ट्यूडर राणीचं राजचिन्ह. सिंह राज्याचा, ड्रॅगन तिच्या घराण्याचा. खाली दहा आज्ञा आहेत."

"प्रार्थनेच्या जागी राणीचं चिन्ह कशाला?"

"हाच प्रश्न गावकऱ्यांनाही पडला असेल," ती म्हणाली. "पण विचारला नसेल."

मग बाकावर बसून तिने मला सगळं सांगितलं. या कमानीवर पूर्वी शेवटच्या निवाड्याचं चित्र असणार. बहुतेक गावांत तेच असायचं. मधे ख्रिस्त, उजवीकडे नरक आणि सैतान, डावीकडे स्वर्गाचं दार. गावातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं आणि प्रार्थना लॅटिनमध्ये, म्हणजे कुणालाच न कळणारी. त्यांचा धर्म म्हणजे ही भिंतच. मग एका राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि स्वतःच धर्माचा प्रमुख झाला. त्याच्यामागून त्याचा लहान मुलगा गादीवर आला, त्याच्या काळात हुकूम निघाला की चित्रं म्हणजे मूर्तिपूजा, चुना फासा. मुलगा लवकर गेला. थोरली बहीण राणी झाली, तिने जुना धर्म परत आणला. तीही पाच-सहा वर्षांत गेली. मग तिची धाकटी बहीण आली, तिने पुन्हा बापाची वाट धरली, आणि संतांच्या जागी हा सिंह आणि हा ड्रॅगन आले.

"म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात?" मी विचारलं.

"अर्ध्या आयुष्यात. समजा, इथे वीस वर्षांचा एक शेतकरी होता. पंचेचाळिशीपर्यंत त्याचा धर्म चार वेळा बदलला. त्याला कुणी विचारलं नाही."

मी त्या भिंतीकडे बघत राहिले. माझ्या आईवडिलांनीही धर्म बदलला होता. पण तो त्यांनी स्वतः, उभं राहून, हजारो लोकांच्या बरोबरीने, मोठ्याने शब्द उच्चारून बदलला होता. धर्म बदलणं म्हणजे माझ्या मनात तेच होतं: मान वर करून केलेली गोष्ट. वरून हुकूम येतो आणि सकाळी उठून आपणच आपल्या देवावर चुना फासायचा, असंही धर्मांतर असू शकतं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"तुम्ही येणार का?" ब्रिस्टलच्या मुलीने विचारलं.

मी म्हटलं, दर गुरुवारी येते.

पहिले दोन गुरुवार तिने मला भिंतीला हातच लावू दिला नाही. एका पाटीवर चुन्याचे थर देऊन ठेवले होते, त्यावर सराव. मग वरचे, अलीकडच्या काळातले जाड थर. आणि मग एक दिवस तिने खडूने माझ्यासाठी तळहाताएवढा चौकोन आखला आणि म्हणाली, "हा तुमचा. नियम एकच. पापुद्र्याबरोबर रंग यायला लागला की हात थांबवायचा."

ते काम मी सांगते तितकं सोपं नव्हतं आणि वाटतं तितकं अवघडही नव्हतं. दातावरचं कीटण काढताना हाताला कळतं, कुठे कीटण संपलं आणि कुठे दात लागला. डोळ्याला नंतर दिसतं, हाताला आधी कळतं. भिंतीचंही तसंच. कपाळावर दिवा लावून, स्कालपेल, म्हणजे शस्त्रक्रियेची बारीक सुरी, जवळजवळ आडवं धरून, चुन्याच्या कडेखाली सारायचं आणि श्वास रोखून थोडं उचलायचं. वाटाण्याएवढा तुकडा निघाला तरी पुष्कळ. खाली वॉर्डनबाई थर्मासमधून चहा घेऊन यायच्या आणि मान वर करून विचारायच्या, "काही?" आम्ही म्हणायचो, "काही नाही." असे आठवडेच्या आठवडे गेले. मार्च संपला, बाहेर कोकरं दिसायला लागली, आणि माझ्या चौकोनात मातकट पिवळ्या रंगापलीकडे काही नव्हतं.

एप्रिलमध्ये माझ्याकडून चूक झाली. मान दुखत होती, तरी मी थांबले नाही. एक पापुद्रा सहज सुटतोय म्हणून उचलला, आणि त्याच्या पाठीला चिकटून नखाएवढा पांढरा रंग निघून आला. भिंतीवर तिथे नुसतं प्लास्टर उरलं. पेशंटचा चांगला दात चुकून हलवावा तसं झालं. कुणीतरी पाचशे वर्षांपूर्वी लावलेला रंग माझ्या हातात आला होता.

"मी यापुढे येत नाही," मी म्हटलं.

ब्रिस्टलच्या मुलीने तो तुकडा चिमट्याने उचलला, डबीत ठेवला, वर खूण लिहिली. "परत बसवता येईल," ती म्हणाली. "तुम्ही लगेच थांबलात, तेच महत्त्वाचं." मग म्हणाली, "आणि जरा बघा, काय निघालंय."

मी बघितलं. तुकडा निघाला होता त्याच्या कडेला एक बारीक, गोलसर, करड्या रंगाची रेघ होती. तिच्याशेजारी अजून एक. मी दिवा तिरपा केला. ती नखं होती, पायाच्या बोटांची. पाच बोटं, आणि अंगठा बाकीच्यांपासून जरा फाकलेला, आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्याचा असतो तसा.

पुढचे तीन गुरुवार मी त्या पायावर होते. बोटं, मग पायाचा चवडा, मग घोटा. घोट्याच्या वर पिसं सुरू झाली. पांढरी, ओळींनी मांडलेली, प्रत्येकीच्या टोकाला निळसर छटा. देवदूत असणार हे उघड होतं. स्वर्गाचं दार याच बाजूला. पण मला एक गोष्ट खटकत होती. पिसं घोट्यापाशी एकदम संपत होती. अगदी सरळ रेषेत. पायजम्याची मोहरी संपते तशी, आणि त्याखाली माणसाचा उघडा पाय.

मी तिला हाक मारली. ती परांचीवर माझ्याशेजारी येऊन बसली, भिंग लावलं, आणि ते घोट्यापासून इंचाइंचाने वर सरकवत राहिली. इतका वेळ की खालून वॉर्डनबाईंनी विचारलं, "काय झालं? पुन्हा काही तुटलं का?"

"शिवण," ती अखेर म्हणाली. "ही बघा. नडगीवरून वर गेलेली रेघ. ही शिवण आहे. हा कपडा आहे."

"म्हणजे देवदूत नाही?"

"आहे. पण देवदूताचं सोंग घेतलेला माणूस आहे."

मग तिने सांगितलं ते ऐकून मी परांचीवरच मांडी घालून बसले. त्या काळी सणाला गावोगावी लोक देवाच्या गोष्टींचे खेळ करायचे. नट वेगळे नसायचे. सुतार, खाटीक, विणकर, गावातलेच लोक. कुणी राजा व्हायचा, कुणी सैतान, कुणी देवदूत. देवदूताला पिसं शिवलेला अंगरखा आणि तंग विजार असायची. आणि ज्या चित्रकाराला या भिंतीवर देवदूत काढायला सांगितलं, त्याने देवदूत पाहिलेला कुठे होता? त्याने पाहिला होता तो खेळातला. तोच त्याने काढला, शिवणीसकट.

वॉर्डनबाई खाली बाकावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या चर्चमागच्या शेताला प्लेइंग क्लोज म्हणतात, म्हणजे खेळाचं वावर. मी साठ वर्षं समजत होते की तिथे क्रिकेट खेळायचे."

"मग ते खेळ कधी थांबले?" मी विचारलं.

"त्याच धाकट्या राणीच्या काळात," ब्रिस्टलची मुलगी म्हणाली आणि तिने कमानीकडे बोट दाखवलं. "तिला नाटकं आवडायची. तिच्या दरबारात नाटकं व्हायची, तिच्या नावाची नाटकमंडळी गावोगाव फिरायची. लंडनला खास नाटकासाठी बांधलेली पहिली थिएटर्स तिच्याच राज्यात उभी राहिली. पण देवाची गोष्ट रंगमंचावर नको. लोकांनी राजाराणीची, खुनाची, प्रेमाची नाटकं बघावीत. देवाला रंगमंचावर यायची बंदी झाली."

त्या दिवशी बसमध्ये मला वडील सतत दिसत होते. ते पुण्यात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पण शनिवार-रविवार त्यांची जलशाची पार्टी वस्त्यावस्त्यांतून फिरायची. ढोलकी, तुणतुणं, आणि चार-पाच माणसं. पडदा म्हणजे दोन बांबूंना बांधलेली चादर. वडील कधी सावकार व्हायचे, कधी भटजी, कधी शिकून आलेला मुलगा, त्यासाठी एकच उसना कोट. वाचता न येणाऱ्या बायाबापड्या रॉकेलच्या बत्तीसमोर बसून बघायच्या, आणि उठताना त्यांना काहीतरी कळलेलं असायचं: मुलाला शाळेत घाला, मेलेलं ढोर ओढू नका, देव्हाऱ्यातले टाक काढा. आमच्याकडे नवा धर्म आला तो असा, गाण्यातून, सोंगातून. इथे राणीने लोकांकडून सोंगं काढून घेतली. तिकडे कोणा राजाने दिली नव्हती, म्हणून कुणाला काढून घेता आली नाहीत. पण त्या शिवणीकडे बघताना मला ही मंडळी परकी वाटेनात. आमचेच लोक वाटले. संध्याकाळी काम संपवून, हात धुऊन, दुसऱ्याचा अंगरखा चढवून उभे राहिलेले.

मे महिन्यात आम्ही छातीपर्यंत पोचलो. तिथे मला दुसरा धक्का बसला. ब्रिस्टलच्या मुलीने चुन्याचा अगदी खालचा, पहिला थर भिंगाखाली धरला होता.

"सहसा जुन्या चित्रावर चुना धरावा म्हणून आधी भिंत टोचून घेतात. हातोडीने खड्डे पाडतात," ती म्हणाली. "शिवाय हुकूमच असायचा, चेहरे खरवडा. इथे एकही टोचा नाही. एकही ओरखडा नाही. आणि हा पहिला हात बघा किती पातळ आहे. दुधासारखा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ज्यांनी झाकलं, त्यांनी जपून झाकलं."

मी स्कालपेल खाली ठेवलं. मला आईची आठवण झाली. दीक्षेनंतर घरातले टाक तिनेच नदीत सोडले होते. मोठी झाल्यावर मी तिला विचारलं होतं, "तुला भीती नाही वाटली?" ती म्हणाली होती, "मन पक्कं होतं ग. पण फेकले नाहीत मी. पाण्यात हात घालून, खाली ठेवून आले. माझ्या सासूने तीस वर्षं पुसले होते ते." तेव्हा मला तिचं ते बोलणं दुबळेपणाचं वाटलं होतं. या थंड भिंतीसमोर, त्या दुधाएवढ्या पातळ चुन्यासमोर, मला पहिल्यांदा कळलं की तो दुबळेपणा नव्हता. आणि हा चुना लावणारे कोण असतील? गावात माणसं ती किती. ज्यांनी खेळात सोंगं घेतली त्यांतलेच कुणी कुंचला घेऊन इथे उभे राहिले असतील. एखाद्याने शेजाऱ्यावर, भावावर, कदाचित स्वतःवरच चुना फिरवला असेल.

चेहरा जूनच्या मधल्या गुरुवारी दिसला. तो दिवस मी विसरणार नाही. मानेभोवती अंगरखा बांधलेली दोरी होती, तिची गाठसुद्धा दिसत होती. कपाळापासून नाकापर्यंत सोनेरी मुखवटा. आणि मुखवट्याखाली खरं तोंड. हनुवटीवर खुरटी दाढी. तोंड उघडं, वासलेलं म्हणावं इतकं. तो गात होता.

ब्रिस्टलची मुलगी हळहळली. "अरेरे. नेमका तोंडातला रंग गेलाय. पुढच्या दातांत काळा डाग आहे, तिथला पांढरा निघून गेला."

मी तिच्या हातातून भिंग घेतलं. बघितलं. पुन्हा बघितलं.

"रंग गेलेला नाही," मी म्हटलं. "दात गेलाय."

"म्हणजे?"

"सुळ्याशेजारचा हा दात. रंग उडाला असता तर बाकीचे दात जागच्या जागी असते. हा सुळा बघा, पुढे सरकलाय, फटीकडे कललाय. दात पडून बरीच वर्षं झाली की शेजारचे दात त्या जागेकडे असे झुकतात. हे कुणी मनाने काढू शकत नाही. चित्रकाराने एका माणसाचं तोंड बघून हे काढलंय."

ती माझ्या खांद्यावरून भिंगाशी वाकली. मग तिने दिवा तिरपा धरला, आणि आम्हाला दोघींना सुळ्याची ती तिरकी कड दिसली. केसाएवढ्या कुंचल्याने, एका हाताने, न पुसता ओढलेली.

एकतीस वर्षांत मी हजारो तोंडं पाहिली होती. पण कुठल्याच तोंडासमोर माझी अशी अवस्था झाली नव्हती. हा माणूस होता. नाव गेलं, घर गेलं, त्याचा राजा गेला, त्या राजाचा वंश संपला. पण त्याच्या तोंडातली फट राहिली होती, आणि ती ओळखणारी मी, पुण्याच्या एका वस्तीतल्या जलसाकाराची मुलगी, नॉटिंगहॅमच्या बसने तिथे आले होते. आम्ही बौद्ध लोक चमत्कार मानत नाही. मी अजूनही मानत नाही. पण मी हात जोडले, एवढं खरं. कुणाला जोडले, ते मला सांगता येणार नाही.

आता उरला पंख. डावा पंख पूर्ण मोकळा झाला होता. उजवा मात्र कमानीच्या बाजूला, दहा आज्ञांच्या त्या काळ्या अक्षरांखाली गेला होता. तो काढायचा म्हणजे राणीच्या काळातली अक्षरं खरवडून टाकायची. त्यावरून आमचं पहिलं आणि शेवटचं भांडण झालं.

"काढा," वॉर्डनबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं त्याला कोंडून ठेवलंय. एक पंख ठेवून त्याला उडायला सांगता का?"

"ती अक्षरंही तितकीच खरी आहेत," ब्रिस्टलची मुलगी म्हणाली. "ती पुसली तर आपणही तेच करू जे त्यांनी केलं. फक्त उलट्या बाजूने."

बाई माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्ही बोला. तुम्ही ना त्याच्या बाजूच्या, ना राणीच्या."

खरं सांगायचं तर मी त्याच्या बाजूची होते. मलाही तो पंख बघायचा होता, हात शिवशिवत होते. पण मला वाटलं, ही अक्षरं गावातल्या ज्या मुलांनी पहिल्यांदा वाचली असतील, त्यांचं काय? त्याआधी प्रार्थना लॅटिनमध्ये होती. ही आज्ञांची भिंत इंग्रजीत आहे. हुकूम वरून आला होता, हे खरं. तरी या भिंतीखाली उभं राहून कुणीतरी स्वतःच्या भाषेत पहिलं अक्षर लावलं असेल. माझ्या वडिलांनी आयुष्यभर खिळ्यांची अक्षरं जुळवली. अक्षरं खरवडायला माझा हात उठणार नव्हता.

"राहू दे," मी म्हटलं. "पंख कुठे जात नाही. आत आहे, एवढं आपल्याला माहीत आहे."

वॉर्डनबाई दोन गुरुवार माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. चहा मात्र आणत राहिल्या.

सप्टेंबरमध्ये परांची उतरली. गावाला चित्र दाखवायचा दिवस ठरला. हाउन्सलोहून माझी मुलगी आली, शिफ्ट बदलून. चर्च भरलं होतं. एरवी रविवारी दहा-बारा डोकी असतात, असं बाई म्हणायच्या. त्या दिवशी ट्रॅक्टरवाले, शाळेतली पोरं, पबचा मालक, सगळे माना वर करून उभे. व्हिकर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दोन वाक्यं बोलले, ब्रिस्टलची मुलगी बोलली, आणि मग तिने मला पुढे ढकललं. मी दाताबद्दल सांगितलं. बोलता बोलता मला जाणवलं की सगळे ऐकताना नकळत स्वतःचे दात जिभेने चाचपून बघतायत.

माझी मुलगी कानाशी म्हणाली, "आई, त्याची दात खरंच तुटली आहे?"

"त्याचा दात. पडलाय."

"तेच. तो गातोय काय पण?"

"ते नाही कळत ग."

"खूप जोरात गातोय," ती म्हणाली. आणि मग बराच वेळ तिने माझा हात सोडला नाही. ती एरवी चार मिनिटं एका जागी उभी राहत नाही.

गर्दी पांगली. लोक बाहेर केक खायला गेले. मुलगीही गेली. मी आणि वॉर्डनबाई दोघीच बाकावर बसून होतो. वरच्या खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं. ते आधी सिंहावर होतं, मग अक्षरांवर सरकलं, मग त्या एका पंखावर. बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "दुखत असेल का हो त्याला?"

"पडला तेव्हा दुखला असेल. पुष्कळ. नंतर नाही."

"आणि गाताना?"

मी जरा विचार केला. कुणी पेशंटने विचारलं असतं तर जे सांगितलं असतं तेच सांगितलं.

"गाताना फटीतून हवा निघत असेल. स म्हणताना शीळ वाजत असेल थोडी."

बाईंनी डोळे मिटले आणि काही ऐकावं तशी मान किंचित कलती केली. मीही तशीच बसून राहिले.